खुब्याचा अस्थिभंग

खुब्याचा अस्थिभंग म्हणजे मांडीच्या हाडाच्या (ऊर्वस्थीच्या) वरच्या टोकाचा अस्थिभंग होय. खुब्याच्या सांध्यातील गोल शीर्षापासून ते हाडावरील लहान उंचवट्याच्या खाली सुमारे पाच सेंटिमीटरपर्यंतचा भाग यात धरला जातो. ज्या उखळीत हे शीर्ष बसते त्या उखळीचा अस्थिभंग वेगळा मानला जातो. ही दुखापत प्रामुख्याने साठीनंतरच्या व्यक्तींना होते. घरातल्या घरात पाय घसरणे किंवा तोल जाणे एवढे कारण तिला पुरते. तरुणांमध्ये ती बहुधा वाहन अपघात किंवा उंचावरून पडणे यांमुळे होते.

वृद्धांमध्ये हा अस्थिभंग जिवावर बेततो तो मुख्यतः त्यानंतर येणाऱ्या अंथरुणामुळे. आठवडेच्या आठवडे पडून राहिल्याने न्यूमोनिया, शय्याव्रण, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि शिरांमध्ये रक्ताच्या गाठी होणे असे धोके एकामागून एक उभे राहतात. वृद्ध रुग्णांपैकी सुमारे २० ते ३० टक्के रुग्ण पहिल्या वर्षात दगावतात, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. वाचलेल्यांपैकी अनेकांना पूर्वीइतके चालता येत नाही. म्हणून रुग्णाला लवकरात लवकर अंथरुणातून उठवणे हा आधुनिक उपचाराचा गाभा आहे आणि शस्त्रक्रिया हे त्याचे प्रमुख साधन आहे.

शरीररचना

खुबा हा उखळी-गोळा प्रकारचा सांधा आहे. श्रोणीच्या हाडातील खोलगट उखळीत मांडीच्या हाडाचे गोल शीर्ष बसते. शीर्षाच्या खाली हाडाची मान असते. मान हाडाच्या दांड्याशी प्रौढ व्यक्तीत साधारण १२५ ते १३० अंशांचा कोन करते. मान आणि दांडा जेथे मिळतात तेथे बाहेरच्या बाजूस मोठा व आतल्या बाजूस लहान असे दोन उंचवटे (ट्रोकँटर) असतात. त्यांना कुल्ह्याचे व मांडीचे बळकट स्नायू जोडलेले असतात.

शीर्ष आणि मानेचा बराचसा भाग संधिकोशाच्या आत असतो. शीर्षाला रक्त पुरवणाऱ्या प्रमुख वाहिन्या मानेच्या पृष्ठभागाला चिकटून खालून वर जातात. मान मोडून हाड सरकले की या वाहिन्या ताणल्या जातात किंवा तुटतात, आणि शीर्षाचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. याउलट उंचवट्यांच्या भागातील हाड सच्छिद्र असून त्याला सर्व बाजूंनी स्नायूंमधून भरपूर रक्त मिळते. त्यामुळे तेथील अस्थिभंग सहसा जुळतो, मात्र तो वाकडा जुळण्याची भीती असते. मानेचा अस्थिभंग आणि उंचवट्यांचा अस्थिभंग यांचे उपचार वेगळे का, याचे उत्तर या फरकात आहे.

कारणे

वाढत्या वयात हाडांची घनता कमी होऊन ती ठिसूळ होतात. या स्थितीला अस्थिसुषिरता (ऑस्टिओपोरोसिस) म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या व्याख्येनुसार हाडांच्या घनतेचा टी-अंक उणे २.५ किंवा त्याहून कमी असल्यास अस्थिसुषिरता मानली जाते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमधील इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते व हाडांची झीज वेगाने होते. त्यामुळे या अस्थिभंगाचे प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आहे. जीवनसत्त्व ‘ड’ ची कमतरता, आहारातील कॅल्शियम व प्रथिनांची उणीव, तंबाखू, मद्यपान आणि स्टेरॉइड औषधांचे दीर्घकालीन सेवन यांमुळेही हाडे दुबळी होतात. भरपूर ऊन असूनही भारतात जीवनसत्त्व ‘ड’ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळते. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात हे अस्थिभंग कमी वयात होताना दिसतात.

हाड ठिसूळ असले तरी ते मोडण्यास बहुतेक वेळा पडणे हेच निमित्त होते. मोतीबिंदू, पक्षाघात, कंपवात, मधुमेहामुळे पायांना आलेली बधिरता, उठताक्षणी रक्तदाब उतरणे आणि झोपेची औषधे यांमुळे वृद्ध व्यक्ती पडण्याची शक्यता वाढते. ओली न्हाणी, उंच उंबरा आणि रात्रीचा अपुरा उजेड ही घरातील नेहमीची कारणे होत. कर्करोग हाडात पसरला असल्यास किरकोळ आघातानेही खुबा मोडतो. पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडच्या अतिरेकाने हाडे दाट दिसतात, परंतु ती ठिसूळच असतात. नांदेड जिल्ह्यातील किनवट परिसरात हा विकार आढळला आहे.

प्रकार

मानेचा अस्थिभंग (संधिकोशांतर्गत) : ब्रिटिश शल्यविशारद रॉबर्ट गार्डन यांनी १९६१ मध्ये याचे चार वर्ग केले. पहिल्या दोन वर्गांत हाड जागेवरून फारसे सरकलेले नसते, तर तिसऱ्या व चौथ्या वर्गांत ते सरकलेले असते. अस्थिभंगाची रेषा जितकी उभी तितका तो अस्थिर, या तत्त्वावर आधारलेले पॉवेल्स यांचे वर्गीकरण १९३५ चे असून ते तरुण रुग्णांमध्ये विशेष उपयोगी पडते.

उंचवट्यांमधील अस्थिभंग (संधिकोशबाह्य) : यात भंगाची रेषा मोठ्या व लहान उंचवट्यांमधून जाते. हाडाचे दोनच तुकडे असल्यास तो स्थिर असतो. आतल्या-मागच्या बाजूचा आधार तुटला असल्यास किंवा रेषा उलट दिशेने तिरपी असल्यास तो अस्थिर मानतात.

उंचवट्याखालील अस्थिभंग : हा लहान उंचवट्याच्या खालच्या पाच सेंटिमीटर भागात होतो. या ठिकाणी हाडावर मोठा ताण येत असल्याने तो जुळण्यास अवघड असतो. अस्थिसुषिरतेवरील बिस्फॉस्फोनेट गटाची औषधे अनेक वर्षे घेतलेल्या काही रुग्णांत या भागात विशिष्ट प्रकारचा आडवा भंग आढळतो.

लक्षणे व निदान

पडल्यानंतर जांघेत किंवा खुब्यात तीव्र वेदना होणे, उभे राहता न येणे आणि झोपलेल्या स्थितीत पाय सरळ उचलता न येणे ही प्रमुख लक्षणे आहेत. हाड सरकले असल्यास तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूस वळलेले असते. काही रुग्णांत मानेच्या भंगाचे तुकडे एकमेकांत रुतलेले असतात. असा रुग्ण लंगडत चालू शकतो व वेदना गुडघ्यात असल्याचे सांगतो. त्यामुळे नुसत्या गुडघ्याची तपासणी होऊन निदान राहून जाण्याचा धोका असतो. अशा रुतलेल्या भंगावर चालणे चालूच राहिल्यास किंवा मालिश केल्यास हाड सरकू शकते आणि सोपा भंग अवघड होऊन बसतो.

श्रोणीची समोरून व खुब्याची बाजूने घेतलेली क्ष-किरण प्रतिमा बहुतेक वेळा निदानास पुरेशी असते. तीत भंग दिसत नसला तरी लक्षणे असल्यास चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा (एमआरआय) काढतात. ती उपलब्ध नसेल तेथे सीटी स्कॅनचा उपयोग होतो. रक्तातील हिमोग्लोबिन, साखर, क्षार व मूत्रपिंडाचे कार्य, हृदयालेख आणि छातीची तपासणी लगेच केली जाते. रुग्ण का पडला हे शोधणेही निदानाचाच भाग आहे, कारण पडण्यामागे हृदयाची लय बिघडणे किंवा पक्षाघाताचा झटका असू शकतो.

उपचार

शस्त्रक्रियेची वेळ : प्रकृती स्थिर करून रुग्ण दाखल झाल्यापासून २४ ते ४८ तासांत शस्त्रक्रिया करावी, असे बहुतेक मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. ब्रिटनमध्ये दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया अपेक्षित असते. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ‘हिप अटॅक’ या चाचणीत भारतासह १७ देशांतील २,९७० रुग्ण होते. तीत निदानानंतर सुमारे सहा तासांत केलेली शस्त्रक्रिया आणि सुमारे २४ तासांनी केलेली शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. मृत्यूच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मात्र लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये संभ्रमावस्था व मूत्रमार्गाचा संसर्ग कमी होता आणि ते लवकर उभे राहिले. रक्त पातळ करणारी औषधे, अनियंत्रित हृदयविकार किंवा छातीचा संसर्ग असल्यास आधी त्यांची व्यवस्था करावी लागते. केवळ सौम्य उच्च रक्तदाब किंवा किंचित वाढलेली साखर यांसाठी दिवसच्या दिवस थांबणे योग्य मानले जात नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी वेदनाशमन महत्त्वाचे असते. जांघेजवळ मज्जातंतू बधिर करणारे इंजेक्शन दिल्यास अफूजन्य वेदनाशामकांची गरज कमी होते. पायाला वजन बांधून ताण देण्याची जुनी पद्धत (ट्रॅक्शन) आता नेहमीसाठी आवश्यक मानली जात नाही. शस्त्रक्रिया बहुधा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करून केली जाते. संपूर्ण भूल देऊनही ती सुरक्षितपणे करता येते.

अस्थिस्थिरीकरण : मानेचा न सरकलेला भंग सामान्यतः तीन समांतर स्क्रूंनी स्थिर केला जातो. तरुण रुग्णात हाड सरकलेले असले तरी शीर्ष वाचवण्याला प्राधान्य असते. भंग तातडीने अचूक जागेवर बसवून स्क्रू किंवा प्लेटने धरला जातो. उंचवट्यांमधील स्थिर भंगासाठी सरकणारा स्क्रू व प्लेट (डायनॅमिक हिप स्क्रू) वापरतात. रुग्णाने भार दिल्यावर यातील स्क्रू नळीत मागे सरकतो व भंगाची टोके एकमेकांवर दाबली जातात. अस्थिर आणि उंचवट्याखालील भंगांत हाडाच्या पोकळीत बसणारी खिळी (प्रॉक्झिमल फीमोरल नेल) पसंत केली जाते. बोलीत तिला ‘रॉड टाकणे’ म्हणतात. या शस्त्रक्रिया विशेष मेजावर पाय ताणून, ‘सी-आर्म’ या फिरत्या क्ष-किरण यंत्राच्या साहाय्याने केल्या जातात.

अर्धसंधिरोपण : वृद्ध रुग्णात मानेचा भंग सरकलेला असल्यास शीर्ष काढून त्या जागी धातूचे शीर्ष बसवतात. मराठीत याला ‘गोळा बदलणे’ किंवा ‘बॉल बसवणे’ म्हटले जाते. एकध्रुवी शीर्षांत ऑस्टिन मूर व थॉम्पसन यांच्या रचना प्रसिद्ध आहेत. द्विध्रुवी प्रकारात मोठ्या शीर्षाच्या आत लहान शीर्ष फिरते. तळवलकर यांच्या नावाने ओळखले जाणारे द्विध्रुवी शीर्ष भारतात वर्षानुवर्षे वापरले गेले आहे. दांडा हाडात घट्ट बसावा म्हणून अस्थिसिमेंट वापरतात. ठिसूळ हाडात सिमेंटसह बसवलेला दांडा कमी दुखतो व त्याच्याभोवती हाड मोडण्याचे प्रमाणही कमी असते.

संपूर्ण संधिरोपण : यात शीर्षाबरोबर उखळीही बदलली जाते. स्वतंत्रपणे हिंडणाऱ्या-फिरणाऱ्या आणि मानसिकदृष्ट्या सजग रुग्णात, तसेच सांध्यात आधीच संधिवात असल्यास हा पर्याय निवडतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हेल्थ’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत अर्धसंधिरोपण व संपूर्ण संधिरोपण यांच्यात दोन वर्षांनंतर पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. संपूर्ण संधिरोपणाचा कार्यक्षमतेतील लाभही माफकच होता. अस्थिभंगाखेरीज संधिवात, शीर्षाचा रक्तपुरवठा तुटून होणारा हाडाचा मृत्यू (अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस) आणि दात्रपेशी रक्तविकार (सिकलसेल) यांमुळे निकामी झालेल्या खुब्यासाठीही संपूर्ण संधिरोपण केले जाते.

शस्त्रक्रियेविना उपचार : अत्यंत गंभीर आजाराने ग्रस्त व अंतिम अवस्थेतील रुग्णांतच हा मार्ग अवलंबतात. त्यातही वेदनाशमन आणि कूस बदलत राहणे आवश्यक असते. पूर्वी उंचवट्यांमधील भंगासाठी रुग्णाला अनेक आठवडे ताण देऊन ठेवीत. हाड जुळे, पण पाय आखूड व वाकडा राही, आणि अनेक रुग्ण हाड जुळण्यापूर्वीच दगावत.

गुंतागुंत

सर्वसाधारण गुंतागुंत : शस्त्रक्रियेनंतर वृद्ध रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागणे, माणसे न ओळखणे किंवा रात्रभर अस्वस्थ राहणे ही संभ्रमावस्थेची लक्षणे आहेत. वेड लागले असे समजून त्याकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात वेदना, संसर्ग, पाण्याची कमतरता, बद्धकोष्ठता, लघवी तुंबणे किंवा औषधे यांपैकी काही कारण सापडून ती बहुधा सुधारते. न्यूमोनिया, हृदयविकाराचा झटका, मूत्रपिंडाचे बिघाड, रक्तक्षय व शय्याव्रण या इतर प्रमुख गुंतागुंती होत.

पायाच्या खोल शिरांत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात गेल्यास अचानक मृत्यू ओढवू शकतो. भारतीयांमध्ये हा प्रकार दुर्मीळ असल्याचे पूर्वी मानले जाई. पुढे झालेल्या तपासण्यांत तो भारतीय रुग्णांतही आढळला. प्रतिबंधासाठी लवकर चालवणे, घोट्याचे व्यायाम आणि साधारण चार ते पाच आठवडे रक्त पातळ ठेवणारी औषधे यांचा वापर होतो. पोटरी सुजणे व दुखणे किंवा अचानक धाप लागणे ही धोक्याची चिन्हे आहेत.

स्थिरीकरणानंतरची गुंतागुंत : मानेच्या सरकलेल्या भंगात हाड न जुळणे आणि शीर्षाच्या हाडाचा मृत्यू या दोन समस्या प्रमुख आहेत. शीर्षाचा मृत्यू झाला तरी तो क्ष-किरण प्रतिमेत दिसायला अनेक महिने, कधी दोन वर्षेही लागतात. म्हणून चालता येऊ लागल्यावरही तपासणी चालू ठेवतात. उंचवट्यांच्या भंगात ठिसूळ हाडातून स्क्रू शीर्षाबाहेर येणे (कट-आउट) ही सर्वाधिक परिचित नामुष्की आहे. स्क्रूचे टोक शीर्षाच्या शिखरबिंदूशी किती जवळ आहे यावर तिची शक्यता ठरते. बाउमगार्टनर यांनी १९९५ मध्ये यासाठी दोन दिशांच्या प्रतिमांवरून काढायचे माप सुचवले. ते २५ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवण्याचा प्रयत्न केला जातो. पाय आखूड होणे, पाऊल वळलेले राहणे व प्लेट किंवा खिळी मोडणे हेही घडते.

संधिरोपणानंतरची गुंतागुंत : संधिरोपणानंतर गोळा उखळीतून निखळू शकतो. अस्थिभंगासाठी केलेल्या संपूर्ण संधिरोपणात हे प्रमाण संधिवातासाठी केलेल्या संधिरोपणापेक्षा जास्त असते. मागच्या बाजूने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर खुबा नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकवून पाय आत वळवल्यास निखळण्याचा धोका वाढतो. सायटिक मज्जातंतूला इजा झाल्यास पाऊल लुळे पडते. दोन्ही पायांच्या लांबीत फरक पडणे, स्नायूंमध्ये हाड तयार होणे आणि कृत्रिम सांध्याभोवतीचे हाड मोडणे याही ज्ञात गुंतागुंती आहेत. अस्थिसिमेंट भरताना काही रुग्णांत रक्तदाब व ऑक्सिजन अचानक घसरतो. त्यामुळे त्या क्षणी भूलतज्ज्ञ विशेष सावध असतात. अर्धसंधिरोपणात धातूचा गोळा वर्षानुवर्षे उखळीची उपास्थी झिजवतो. जांघेत वेदना सुरू झाल्यास पुढे उखळीही बदलावी लागते.

संसर्ग ही सर्वांत त्रासदायक गुंतागुंत होय. संपूर्ण संधिरोपणात तिचे प्रमाण साधारण एक ते दोन टक्के असते. मधुमेह, कुपोषण, तंबाखू आणि जखमेतून दीर्घकाळ पाझर यांमुळे ते वाढते. जीवाणू धातूवर चिकट थर तयार करतात. त्यामुळे केवळ प्रतिजैविके देऊन संसर्ग सहसा हटत नाही. संसर्ग सुरुवातीलाच लक्षात आल्यास सांधा उघडून स्वच्छ करतात व बदलता येणारे भाग बदलतात. जुनाट संसर्गात कृत्रिम सांधा काढून प्रतिजैविकयुक्त सिमेंटचा तात्पुरता गोळा ठेवतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी नवा सांधा बसवतात. तेही शक्य नसल्यास सांधा कायमचा काढून टाकण्याची गर्डलस्टोन शस्त्रक्रिया उरते. तिच्यानंतर वेदना व संसर्ग आटोक्यात येतात, पण पाय आखूड होतो आणि काठीशिवाय चालणे अवघड होते.

कृत्रिम सांधा कालांतराने सैलही होतो. प्लास्टिकच्या झिजेचे सूक्ष्म कण शरीरात प्रतिक्रिया निर्माण करतात आणि सांध्याभोवतीचे हाड विरघळू लागते. विविध देशांच्या नोंदींवर आधारित २०१९ च्या एका विश्लेषणानुसार खुब्याचे सुमारे ५८ टक्के कृत्रिम सांधे २५ वर्षे टिकतात.

धातूवर धातू घासणारे सांधे ही यातील एक धडा देणारी घटना ठरली. डीप्यू कंपनीचे ‘एएसआर’ सांधे झिजून कोबाल्ट व क्रोमियमचे कण रक्तात व ऊतींत मिसळत असल्याचे आढळल्यावर ऑगस्ट २०१० मध्ये ते जगभरातून परत मागवण्यात आले. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत ते वापरले गेले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणी मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदवली. केंद्र सरकारने २०१७ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली आणि २०१८ मध्ये बाधित रुग्णांसाठी ३० लाख ते १.२३ कोटी रुपये भरपाईचे सूत्र मान्य केले.

इतिहास

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अस्थिभंगांचे वर्गीकरण असून चिकित्सास्थानात त्यांचे उपचार सांगितले आहेत. मांडी व पायाच्या भंगात रुग्णाला फळीवर झोपवून खुंट्यांच्या आधाराने पाय स्थिर ठेवण्याचा ‘कपाटशयन’ हा उपाय त्यात आहे. संधिकोशाच्या आतील व बाहेरील भंगांमधील फरक इंग्लंडमधील ॲस्टली कूपर यांनी १८२२ मध्ये स्पष्ट केला. आतील भंग का जुळत नाही याचे कारण त्यांनी रक्तपुरवठ्यात शोधले.

बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी १८९१ च्या सुमारास हस्तिदंती शीर्ष बसवण्याचा प्रयत्न केला. अमेरिकेतील मारियस स्मिथ-पीटरसन यांनी तीन पात्यांचा खिळा वापरून १९३१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर मानेच्या भंगाचे स्थिरीकरण रूढ झाले. फिलिप वाइल्स यांनी १९३८ मध्ये लंडन येथे पोलादी संपूर्ण सांधा बसवला. १९५० च्या दशकात मूर व थॉम्पसन यांची दांड्याची शीर्षे प्रचारात आली. जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे १९६२ पासून लहान धातूचे शीर्ष, पॉलिथिलीनची उखळी आणि अस्थिसिमेंट यांचा मेळ घातला. त्याआधी त्यांनी वापरलेल्या टेफ्लॉनच्या उखळ्या वेगाने झिजल्या होत्या. आजचे संधिरोपण चार्नली यांच्या तत्त्वावर उभे आहे.

महाराष्ट्रात पुण्याचे डॉ. कांतिलाल हस्तीमल संचेती यांनी अस्थिशल्यचिकित्सेचा प्रसार केला आणि भारतीय रुग्णांसाठी ‘इंडस’ हा कृत्रिम गुडघा विकसित केला. त्यांना २०१२ मध्ये पद्मविभूषण सन्मान मिळाला. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांचे रोपण २००० व २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी केले. त्या वेळी सांधेबदल हा विषय सर्वसामान्यांच्या चर्चेत आला.

मराठवाड्यातील स्थिती

लातूर जिल्ह्याच्या पूर्वेस, नांदेड जिल्ह्याच्या सीमेलगत असलेला जळकोट हा डोंगराळ तालुका मराठवाड्यातील या प्रश्नाचे प्रातिनिधिक उदाहरण आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेला अस्थिशल्यविशारद, भूलतज्ज्ञ, सी-आर्म यंत्र, रक्तपेढी व निर्जंतुक शस्त्रक्रियागृह हे सर्व एकाच ठिकाणी लागते. तालुक्याच्या पातळीवर ही साखळी सहसा पूर्ण होत नाही. त्यामुळे रुग्णाला उदगीर, लातूर किंवा नांदेड गाठावे लागते. लातूर येथे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, नांदेडच्या विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे.

अंतर हा विलंबाचा एक भाग आहे. दुसरा भाग घरात व गावात घडतो. मुका मार समजून शेक व लेप देणे, हाडवैद्याकडून ओढून घेणे किंवा तेल चोळणे यांत दिवस जातात. बोट वा मनगटाप्रमाणे खुबा बाहेरून बांधून स्थिर करता येत नाही, कारण त्याभोवती जाड व सतत ओढ देणारे स्नायू असतात. ‘या वयात शस्त्रक्रिया झेपणार नाही’ ही समजूतही सार्वत्रिक आहे. वास्तविक ऐंशी-नव्वद वर्षांच्या रुग्णांवरही या शस्त्रक्रिया नियमितपणे होतात. शस्त्रक्रियेचा धोका अंथरुणाला खिळून राहण्याच्या धोक्याशी तोलून पाहावा लागतो. बहुतेक रुग्णांत दुसरा धोका मोठा ठरतो.

तिसरा भाग खर्चाचा आहे. राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत नांदेडचा समावेश होता. लातूरसह उर्वरित जिल्ह्यांत ती नोव्हेंबर २०१३ मध्ये लागू झाली. २०१७ मध्ये तिचे महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना असे नामकरण झाले. तिच्या अस्थिरोग विभागात अस्थिभंगांवरील शस्त्रक्रियांचा समावेश असून अंगीकृत रुग्णालयांत पात्र रुग्णांवर विनाशुल्क उपचार होतात. कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने मर्यादा घातली. खुब्याचे कृत्रिम सांधे मात्र त्या आदेशात नव्हते.

पुनर्वसन

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाला पलंगाच्या कडेला बसवणे व शक्य असल्यास वॉकरच्या आधाराने उभे करणे अपेक्षित असते. वृद्ध रुग्णाला पायावर अर्धवट भार देणे जमत नाही. म्हणून शक्य तेथे पूर्ण भार सोसेल अशीच शस्त्रक्रिया निवडली जाते. श्वसनाचे व्यायाम, मांडी व कुल्ह्याचे स्नायू बळकट करणे आणि प्रथिनयुक्त आहार यांना औषधांइतकेच महत्त्व आहे.

ग्रामीण घरांत बसणे-उठणे जमिनीवर असते. मागच्या बाजूने संधिरोपण झालेल्या रुग्णाने सुरुवातीचे सहा ते बारा आठवडे उकिडवे बसणे, मांडी घालणे, पायावर पाय टाकणे आणि जमिनीवरची वस्तू वाकून उचलणे टाळावे लागते. सैल विणीच्या बाजेवर बसल्यासही खुबा प्रमाणाबाहेर वाकतो. त्यामुळे उंच व टणक पलंग, हात टेकता येणारी खुर्ची आणि शौचासाठी कमोडची खुर्ची यांची सोय रुग्ण घरी येण्यापूर्वी केली जाते. कुशीवर झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवतात. स्थिरीकरण झालेल्या रुग्णांना ही सर्व बंधने नसतात, परंतु हाड जुळेपर्यंत आधार घेऊनच चालावे लागते.

प्रतिबंध

एक खुबा मोडलेल्या व्यक्तीचा दुसरा खुबा मोडण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. तरीही शस्त्रक्रियेनंतर अस्थिसुषिरतेवरील उपचार अनेकदा सुरूच होत नाहीत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत खुब्याच्या अस्थिभंगानंतर वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक आम्लाचे इंजेक्शन दिलेल्या रुग्णांत नवे अस्थिभंग कमी झाले आणि मृत्यूंचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी आढळले. जीवनसत्त्व ‘ड’ व कॅल्शियम यांची उणीव आधी भरून काढावी लागते. दूध, तीळ, नाचणी व पालेभाज्या हे कॅल्शियमचे सहज मिळणारे स्रोत होत.

मोतीबिंदूची वेळेवर शस्त्रक्रिया, झोपेच्या औषधांचा फेरविचार, नियमित चालणे व तोल सांभाळण्याचे व्यायाम यांमुळे पडण्याचे प्रमाण घटते. न्हाणीत खरबरीत फरशी व भिंतीला धरायची दांडी, रात्री शौचालयाच्या वाटेवर दिवा, उंबऱ्याला उठून दिसणारा रंग आणि पायात न अडकणारी वस्त्रे हे कमी खर्चाचे उपाय आहेत. पडल्यानंतर वृद्ध व्यक्तीला पाय उचलता येत नसल्यास तिला उभे करून पाहू नये. पाय हलणार नाही अशा रीतीने आडवे ठेवूनच तिला क्ष-किरण तपासणीसाठी नेणे आवश्यक असते.